विचारायला पैसे पडत नाहीत

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मी पहिल्यांदा ऐकली ती आजोबांच्या तोंडून. बांधाच्या वादात त्यांच्या आयुष्यातली अकरा वर्षे गेली होती. निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण जिंकलेल्या जमिनीच्या किमतीपेक्षा तिच्यापायी झालेला खर्च दुप्पट निघाला. त्यामुळे म्हण सांगताना त्यांच्या आवाजात उपदेश नसे, नुसता थकवा असे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असे एखादे आजोबा असतातच. तेव्हा ही म्हण खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. पण गेल्या वर्षभरात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या म्हणीच्या धाकाने माणसे कोर्टात जायची थांबतात तशी विचारायचीही थांबतात, आणि दोन्हींत फार अंतर आहे.

सांगतो. आमच्याकडे गेली बारा वर्षे पोळ्या करायला एक मावशी येतात. पंचावन्नच्या आसपास वय, नवरा वारलेला, मुलगा एका दुकानात कामाला. बोलणे मोजके. गेल्या श्रावणात, राखीपौर्णिमेला आठ दिवस असताना, काम आटोपल्यावर त्या जायच्या सोडून दारातच घोटाळत राहिल्या. मग पिशवीतून चौघडी केलेला कागद काढून म्हणाल्या, "दादा, एवढं वाचून सांगता का? भावानं पाठवलाय. वाईट नाही ना काही त्यात?"

कागद म्हणजे हक्कसोडपत्राचा मसुदा होता. वडिलांच्या पश्चात राहिलेल्या शेतजमिनीतला आपला हिस्सा मावशी 'स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय व कोणताही मोबदला न घेता' दोन्ही भावांच्या नावे सोडत आहेत, असा मजकूर. राखीला माहेरी आल्यावर तालुक्याला जाऊन सही उरकून टाकू, असा भावाचा निरोप होता. "नुसती फॉरमॅलिटी आहे म्हणाला," मावशी म्हणाल्या.

चौतीस वर्षे बँकेत घालवलेल्या माणसाला कागद वाचायचे नवल नसते. कर्जाचे करार, तारणाची खते, हमीपत्रे असे काय काय या डोळ्यांखालून गेले. नंतर कादंबऱ्या लिहायला लागलो तेव्हा 'तुम्हाला माणसांची पारख कशी?' असे वाचक विचारत, आणि मी सांगत असे की काउंटरच्या अलीकडे बसून पलीकडचे चेहरे पाहिले म्हणून. त्यामुळे 'अजिबात सही करू नका' हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले. त्याला कारण आहे १९८६ सालचे, आणि ते मला आजवर कोणाला सांगावेसे वाटले नाही.

त्या वर्षी मी तालुक्याच्या गावी एका शाखेत नवा अधिकारी होतो. एके दिवशी एक बाई नवऱ्याचे पासबुक घेऊन आल्या. नवरा महिन्यापूर्वी गेलेला. खात्यात काही हजार रुपये होते, आणि वारस म्हणून नाव कोणाचेच लावलेले नव्हते. बँकेच्या खात्याला नामनिर्देशन करण्याची सोय तेव्हा नुकतीच आली होती, आणि ती गावाकडे फारशी कोणाला ठाऊक नव्हती. अशा लहान रकमा प्रतिज्ञापत्र आणि जामीन घेऊन देण्याचा अधिकार शाखेला होता. तसे परिपत्रक माझ्या खणात होते, आणि मी ते वाचलेले होते. पण जबाबदारी घ्यायची माझी छाती झाली नाही. "कोर्टातून वारसा दाखला आणा," एवढे सांगून मी पुढच्या माणसाला बोलावले.

बाई परत आल्या त्या दीड वर्षाने. दाखला आणला होता. मधल्या काळात अर्ज लिहिणाऱ्याला, मुद्रांकवाल्याला, वकिलाला आणि 'काम करून देतो' म्हणणाऱ्या आणखी एकाला मिळून किती दिले, ते त्यांनी मला तक्रारीच्या सुरात नव्हे, तर हिशेब दिल्यासारखे सांगितले. मिळणाऱ्या रकमेतला मोठा भाग आधीच संपला होता. त्यांनी अंगठा उठवला, नोटा मोजून घेतल्या आणि वर मलाच म्हणाल्या, "साहेब, तुमचे उपकार झाले."

ते वाक्य मी विसरू शकलेलो नाही. पुढे २००५ साली रिझर्व्ह बँकेनेच सगळ्या बँकांना सांगितले की मृत खातेदाराच्या वारसांना अशा हेलपाट्यांत टाकू नका, रकमेची मर्यादा ठरवा आणि तिच्या आत साधी पद्धत ठेवा. ते परिपत्रक हातात पडले त्या दिवशी मला त्या बाईंचा चेहरा आठवला. त्यांना त्या दिवशी पैशांइतकीच गरज होती ती एका योग्य वाक्याची. ते मला माहीत होते, ते फुकट होते, आणि मी ते दिले नाही.

म्हणून मावशींना मी सल्ला दिला नाही. कायद्याचे माझे ज्ञान बँकेपुरते आहे, आणि अर्धवट माहितीच्या सल्ल्याने बिघडलेली घरे मी पाहिली आहेत. मी म्हणालो, "मावशी, हे मला नाही सांगता यायचं. पण ज्यांना सांगता येतं त्यांच्याकडे जाऊ. पैसे पडत नाहीत."

त्या लगेच म्हणाल्या, "फुकट? मग ते काय खरं सांगणार?"

या एका प्रश्नात सगळा घोळ आला. आपल्या भाषेत 'मोफत' आणि 'फुकट' हे शब्द शेजारी राहतात, पण त्यांची पत वेगळी आहे. मोफत म्हणजे कोणीतरी दुसऱ्याने आपल्यासाठी पैसे भरलेले, आणि फुकट म्हणजे ज्याला किंमतच नाही असे. सरकार 'मोफत' म्हणते आणि लोकांना 'फुकट' ऐकू येते.

दोन दिवसांनी आम्ही नळस्टॉपला मेट्रोत बसलो आणि शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर उतरलो. फाटकापाशी मावशींचे पाऊल अडखळले. त्या म्हणाल्या, "इथं? कोर्टात? दादा, मला कोणावर केस नाही टाकायची." तेव्हा मला आजोबांची म्हण आठवली. ज्या पायरीची धास्ती पिढ्यान् पिढ्या घातली, नेमक्या त्याच पायरीच्या वर सरकारने मोफत सल्ल्याचे दार बांधले आहे. त्यावर पाटी लावली आहे 'जिल्हा विधी सेवा प्राधिकरण'. मावशींनी ती अक्षर अक्षर लावून वाचली आणि हळूच विचारले, "विधी म्हणजे? श्राद्धाचे?"

हसू नका. ज्याने कायदा वाचलेला नाही त्याच्या लेखी विधी म्हणजे तेच. पाटीवर 'मोफत कायदेशीर सल्ला इथे मिळतो' एवढे लिहायला कोणाची हरकत होती?

आत मात्र अनुभव चांगला आला. टेबलाशी एक तरुण वकीलबाई होत्या. आधी त्यांनी मावशींना बसायला सांगितले. मग कागद बाजूला ठेवून प्रश्न विचारायला सुरुवात केली. वडील कधी गेले? जमीन त्यांनी स्वतः घेतलेली की आजोबांकडून आलेली? पूर्वी कधी वाटणी झाली का? झाली असली तर ती नोंदवलेली आहे का? वडील गेल्यावर वारसांची नोंद कशी झाली, सातबाऱ्यावर आज कोणाची नावे आहेत? मावशींना निम्म्या प्रश्नांची उत्तरे येत नव्हती. वकीलबाईंनी त्यांना सातबारा आणि फेरफाराचे उतारे काढायला सांगितले. कुठे मिळतात तेही लिहून दिले.

मग त्यांनी समजावले. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मापासूनचा हक्क आहे. महाराष्ट्राने ही सुधारणा १९९४ सालीच केली होती, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या होत्या. २००५ च्या दुरुस्तीत लग्नाची ती अट नाही. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २००५ साली वडील हयात होते की नव्हते, यावर हा हक्क अवलंबून नाही. पूर्वीच रीतसर झालेल्या वाटण्यांना अपवाद आहे, म्हणून कागद पाहिल्याशिवाय पक्के बोलता येत नाही. आणि हक्कसोडपत्र नोंदणी कार्यालयात एकदा नोंदवले की मागे फिरणे फार कठीण. म्हणजे भावाची 'नुसती फॉरमॅलिटी' तशी नुसती नव्हती.

"सही करायची की नाही ते तुम्ही ठरवायचं," बाई म्हणाल्या. "पण ठरवून करायची, घाईनं नाही."

मावशींनी बराच वेळ मान खाली घातली होती. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो माझ्या डोक्यातही आला नव्हता. "सही नाही केली तर भाऊ बोलायचे बंद होतील. त्याला काही कायदा आहे का?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. "नाही मावशी, त्याला कायदा नाही," त्या म्हणाल्या. "पण तिघांनी समोरासमोर बसून बोलायची सोय आहे. तीही मोफतच. केस टाकावी लागत नाही."

ही सोय कोणाच्या मेहरबानीची नाही, हे सांगायला हवे. गरिबीमुळे कोणी न्यायापासून वंचित राहू नये, मोफत कायदेविषयक साहाय्य द्यावे, असे आपल्या राज्यघटनेच्या ३९-अ या कलमात लिहिलेले आहे. ते कलम १९७६ च्या घटनादुरुस्तीने आले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती भगवती यांनी सत्तरच्या दशकात त्याचा पाठपुरावा केला. कायदा १९८७ साली झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून प्रत्यक्ष लागू झाला. म्हणून ९ नोव्हेंबर हा दिवस देशभर विधी सेवा दिन म्हणून पाळतात. या कायद्याने जिल्ह्याला जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आणि तालुक्याला समिती नेमली. म्हणजे आपल्या गावापासून सर्वात जवळचे हे दार बहुधा तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारातच आहे.

तिथे कोण जाऊ शकते? इथे सुशिक्षितांचाही गैरसमज असतो, माझाही होता. मला वाटे की दारिद्र्यरेषेखालच्यांसाठीच असेल. तसे नाही. स्त्रिया आणि मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीत किंवा तुरुंगात असलेले, पूर, दुष्काळ, भूकंप अशा आपत्तीत सापडलेले, या साऱ्यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे. ती वेळोवेळी बदलते, म्हणून तिथेच विचारावी. याचा अर्थ असा की मावशी पात्र आहेत, आणि उद्या गरज पडली तर आमच्या सौभाग्यवतीही तितक्याच पात्र आहेत. वकील मिळतो, कोर्ट फी, टंकलेखन, नकला यांचा खर्चही प्राधिकरण करते. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेले तिथे लिहून घेतात. नेमून दिलेल्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी मागितले तर त्याच कार्यालयाच्या सचिवांकडे तक्रार करावी. घरबसल्या विचारायचे असेल तर १५१०० हा क्रमांक आहे.

आणि हे एकच दार नाही. बँकेविषयी तक्रार असेल तर आधी बँकेला लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. ही व्यवस्था १९९५ पासून आहे. तिला फी नाही आणि वकीलही लागत नाही. माहितीसाठी क्रमांक १४४४८. मी बँकेत असताना लोकपालाचे नाव ऐकताच आमच्या वरिष्ठांच्या टेबलावरचा धूळ बसलेला अर्ज कसा जागा होई, ते मी पाहिले आहे. वस्तू किंवा सेवेत फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक आहे. बिंदुमाधव जोशींच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात उभ्या राहिलेल्या ग्राहक पंचायतीच्या चळवळीने तर सल्ला देणारे कार्यकर्ते गावोगाव तयार केले. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क पडत नाही, आणि आपली बाजू आपणच मांडता येते.

फोनवरून कोणी पैसे लांबवले तर क्षणाचाही विलंब न लावता १९३०. लाज वाटून दोन दिवस गप्प बसलेल्यांचे पैसे जातात, ताबडतोब फोन करणाऱ्यांचे निदान अडवता येण्याची शक्यता असते. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७. आई-वडिलांना मुले सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात साधा अर्ज करता येतो. मनाचा ताण असह्य झाला तर १४४१६ वर बोलायला माणूस मिळतो, आणि मराठीत मिळतो. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीसाठी १८१ आहे. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयाच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसाच्या शेजारी सामाजिक कार्यकर्ती बसू लागली. त्याच धर्तीवर नंतर राज्यभर असे कक्ष निघाले.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, मग अडचण काय? दारे इतकी आहेत, लोकांनी जावे. अडचण अशी की ही दारे वेगवेगळ्या गल्ल्यांत आहेत, आणि आपली अडचण कोणत्या गल्लीतली आहे हे माणसाला कळत नाही. मावशींना वाटत होते की त्यांचा प्रश्न भावांचा आहे. तो जमिनीचाही होता. त्या १९८६ च्या बाईंना वाटले की प्रश्न कोर्टाचा आहे. तो बँकेचा होता, खरे तर माझा होता. दुसरे असे की कार्यालये कामाच्या वेळात उघडी असतात, आणि हातावर पोट असणाऱ्याला तिथे जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. मग मोफत सल्ला त्याला फुकट पडत नाही. तिसरे म्हणजे या व्यवस्थेत ढिलाई आहे. नेमून दिलेला वकील तारखेला आला नाही, प्रकरणात लक्ष घातले नाही, अशा तक्रारी कानावर येतात. त्यांना मिळणारे मानधनही फार नसते. हे दोष झाकून उपयोग नाही. पण लोक जितके कमी जातील तितकी ही कार्यालये आणखी सुस्त होतील, हेही खरे.

आणि दार सापडले नाही की माणूस रिकामा बसत नाही. तो तहसील कचेरीबाहेरच्या टपरीवर जातो. तिथे सांगणारा हजर असतोच, आणि तो पैसे घेतो. हे काही आजचे नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी उठले. त्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे हिसकावून घेतले आणि जाळले. रोष सावकारावर होताच, पण पेटवले कागद, कारण ज्या कागदावर अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे हेच त्यांना माहीत नव्हते. अक्षरशत्रू शेतकऱ्याला कचेरीत कसे नागवले जाते, ते जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये लिहून ठेवले. त्याच काळात पुण्यात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, वकील असूनही लोकांनी तंटे कोर्टात न नेता आपसांत मिटवावेत म्हणून लवाद कोर्टांची खटपट करीत होते. वकिलाने वकिलाकडे येऊ नका म्हणावे, अशी माणसे त्या शहरात होती. आजच्या लोकअदालतीकडे पाहिले की मला सार्वजनिक काका आठवतात. तिथे तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतके वजन असते. मात्र त्यावर अपील नाही, म्हणून तिथेही सही समजून करायची.

दूरचे एक उदाहरण देतो. दुसरे महायुद्ध जाहीर झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनमध्ये नागरिकांना सल्ला देणारी सुमारे दोनशे केंद्रे उघडली. रेशनपासून कर्जापर्यंत आणि घर पडले इथपासून माणूस हरवला इथपर्यंत काहीही विचारा, असे त्यांचे स्वरूप होते. चालवणारे बहुतेक स्वयंसेवक. युद्ध संपले तरी केंद्रे राहिली, आणि आजही ती आहेत. मला त्यातली एकच गोष्ट घेण्यासारखी वाटते. तिथे एकच टेबल असते. 'हा प्रश्न आमच्याकडचा नाही' असे सांगून माणसाला परत पाठवण्याऐवजी, तो कुणाकडचा आहे ते शोधून दिले जाते.

असे टेबल मांडायला आपल्याला सरकारची वाट पाहायला नको. ज्येष्ठ नागरिक संघ जवळपास प्रत्येक वस्तीत आहेत. मोफत वाचनालये आहेत. दहा दिवस मांडव घालणारी गणेश मंडळे वर्षभर कार्यालयाला कुलूप लावून बसतात. आणि निवृत्त माणसे तर किती! कोणी बँकेतला, कोणी शिक्षक, कोणी तलाठी, कोणी सिस्टर, कोणी पोस्टातला. आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन तास, कष्टकरी माणूस घरी परतल्यानंतरची वेळ. नियम तीनच. पैसे घ्यायचे नाहीत. ऐकलेले बाहेर बोलायचे नाही. आणि सर्वात अवघड तिसरा, आपल्याला पक्के माहीत नाही ते सांगायचे नाही. दार दाखवायचे, कागद कोणते न्यायचे ते लिहून द्यायचे, आणि जमलेच तर पहिल्या खेपेला सोबत जायचे.

सोबत जाण्याचे मोल मला त्या दिवशी कळले. मावशींना पत्ता देऊन मी घरी बसलो असतो तर त्या फाटकावरून परत फिरल्या असत्या, याबद्दल मला शंका नाही. मी तिथे काहीही केले नाही. खुर्चीवर बसून होतो. पण कोर्टाच्या पायरीवर एकटे उभे राहणे आणि कोणाबरोबर तरी उभे राहणे, यांत फार फरक आहे.

जाणाऱ्याने तयारी काय करावी, तेही सांगतो. मूळ कागद न देता झेरॉक्स द्यावी. घडलेल्या गोष्टी तारखांसह एका पानावर लिहून न्याव्यात. आपल्या गैरसोयीची गोष्ट लपवू नये, ती नंतर निघतेच. जे सांगितले ते तिथेच लिहून घ्यावे आणि ज्यांनी सांगितले त्यांचे नावही विचारून ठेवावे. आणि न कळलेला शब्द पुन्हा विचारावा. मान डोलावून उठू नये.

मावशींचे पुढे काय झाले? राखीला त्या माहेरी गेल्या, राखी बांधली आणि सही केली नाही. अर्ज जमीन असलेल्या तालुक्याच्या समितीकडे गेला. थोरला भाऊ संतापला. "बहीण असून कोर्टात गेलीस?" असे म्हणाला. तीन बैठका झाल्या. शेवटी लोकअदालतीत तडजोड नोंदली गेली. विहिरीकडची जमीन मावशींनी भावांना सोडली, माळावरचे वीस गुंठे आपल्या नावावर ठेवले. मला वाटले होते त्यापेक्षा त्यांनी बरेच कमी घेतले. मी तसे म्हणालो, तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, मला किती होतं ते आता ठाऊक आहे. त्यातलं किती द्यायचं ते मी ठरवलं." भाऊबीजेला धाकटा आला. थोरला अजून आलेला नाही. पाटावर त्याच्या नावाचे ताट मांडले होते, हे मला आमच्या घरातून कळले.

तेव्हा सल्ल्याने सगळे गोड होते, असे समजू नका. सल्ल्याने एवढेच होते की माणूस जे करतो ते डोळे उघडे ठेवून करतो. नुकसान सोसायचे तर ते माहीत असून सोसतो. ते फार मोठे आहे.

गेल्या आठवड्यात मावशी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "वहिनी, उद्या मला उशीर होईल. वस्तीतल्या एका पोरीला घेऊन शिवाजीनगरला जायचंय. नवरा त्रास देतो, आणि ती घाबरते एकटी आत जायला."

मी वर्तमानपत्र वाचत होतो. सोबत येऊ का, असे विचारणार होतो, पण विचारले नाही. त्यांना दार माहीत होते.